डी हॅविलँडचे फोटो वाचताना आधी लाकूड बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबा दुसऱ्या महायुद्धात हवाई दलाच्या ग्राउंड क्रूमध्ये होते. त्यांच्या ट्रंकेत विमानांचे 40-45 फोटो सापडले. काही जुहूचे वाटतात, काही नक्की इंग्लंडचे. बऱ्याच फोटोंच्या मागे पेन्सिलीनं ‘डी हॅविलँड’ एवढंच लिहिलंय. विमानं बनवणाऱ्या या ब्रिटिश कंपनीचा इतिहास या फोटोंतून कसा लावायचा, कुठला फोटो कधीचा हे कसं ओळखायचं, आणि ज्यात विमान धड दिसतही नाही असे कारखान्यातले आठ-दहा फोटो काढून टाकले तर चालतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. काढून टाकू नका. तुमच्या ट्रंकेतला सगळ्यात मोलाचा ऐवज बहुधा तेच आठ-दहा फोटो आहेत. ढगांवरून जाणारं विमान देखणं दिसतं, पण ते कशाचं बनलंय, कोणी बनवलंय, जोड कुठे आहे, यातलं काही त्यात दिसत नाही. आणि डी हॅविलँड ही कंपनी समजायची तर जोडच समजून घ्यावे लागतात. तिचं यश लाकडाच्या जोडांत होतं, तिच्यावरचे बरेचसे घावही जोडांवरच बसले.

मी हे अंदाजानं बोलत नाही. 1960 च्या दशकात एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये मी कामाला लागलो, तेव्हा पहिली काही वर्षं टायगर मॉथच्या, म्हणजे डी हॅविलँडच्याच शिकाऊ विमानाच्या, पंखांना कापड चढवण्यातच गेली. लाकडी सांगाड्यावर कापड ताणायचं, प्रत्येक रिबला, म्हणजे पंखाच्या फासळीला, लांब सुईनं टाका घालायचा, प्रत्येक टाक्याला गाठ. आमच्या मुख्य फिटरना सगळे मामा म्हणत. ते म्हणायचे, ‘गोधडी शिवतोस तसं शिव, फक्त ही गोधडी माणसाला वर नेणार आहे.’ मग डोपचे, म्हणजे कापडावर लावायच्या लाखेसारख्या द्रावणाचे, हात. नेलपॉलिशसारखा उग्र वास, डोकं दुखायचं. डोप वाळला की कापड आक्रसून डफासारखं ताठ होतं. मामा बोटानं टिचकी मारून आवाजावरून सांगायचे कुठे सैल राहिलंय. निवृत्तीनंतर मी जुन्या विमानांचे फोटो ओळखण्याच्या नादाला लागलो आणि आजही फोटो हातात आला की पहिल्यांदा नजर कापडाच्या शिवणीवर जाते.

तर सुरुवातीपासून.

कंपनीचे संस्थापक जेफ्री डी हॅविलँड यांचा जन्म 1882 चा. आजोबांकडून मिळालेल्या 1,000 पौंडांवर त्यांनी 1909 मध्ये पहिलं विमान बांधलं. जोडीला मित्र फ्रँक हर्ल. पंखांचं कापड पत्नी लुईझ यांनी हातमशीनवर शिवलं. डिसेंबर 1909 मध्ये हॅम्पशायरमधल्या सेव्हन बॅरोज या माळावर ते विमान जेमतेम उठलं, डावा पंख मोडला आणि खाली आलं. त्या अवशेषांचा फोटो आहे: काड्या, तारा आणि फाटकं कापड. जेफ्रींना फारसं लागलं नाही. दुसरं विमान 1910 च्या सप्टेंबरमध्ये उडालं. ते सरकारनं फार्नबरोच्या कारखान्यासाठी 400 पौंडांना विकत घेतलं आणि जेफ्रींनाही नोकरीवर घेतलं. मला त्या मोडक्या विमानाचा फोटो उडणाऱ्या विमानाच्या फोटोपेक्षा जास्त बोलका वाटतो. पुढे 50 वर्षं हा माणूस मोडलेल्या तुकड्यांकडे बघूनच शिकत गेला.

पहिल्या महायुद्धात ते एअरको या कंपनीत होते. डीएच-2, डीएच-4, डीएच-9 ही तिथली विमानं. ‘डीएच’ म्हणजे त्यांच्याच नावाची आद्याक्षरं, त्यामुळे एअरकोची विमानंही लोक सर्रास डी हॅविलँडची समजतात. स्वतःची कंपनी निघाली 25 सप्टेंबर 1920 ला, लंडनच्या वायव्येला एजवेअरजवळ स्टॅग लेन इथे. आकाशातून तिरके काढलेले स्टॅग लेनचे फोटो पुष्कळ मिळतात, कारण एअरोफिल्म्स ही हवाई फोटो काढणारी कंपनी 1919 मध्येच जवळच्या हेंडनला सुरू झाली होती. त्या फोटोंत फक्त शेड मोजा. सुरुवातीच्या फोटोंत काही लाकडी शेड आणि गवत. 1930 च्या आसपासच्या फोटोंत इमारती दाटलेल्या आणि कडेनं घरांच्या रांगा सरकत आलेल्या. शेवटी घरांनी विमानतळ गिळला. 1934 मध्ये कंपनी स्टॅग लेन सोडून हॅटफिल्डला गेली. तेव्हा फोटोत मागे दाट वस्ती आणि पुढे मॉथ असेल तर तो स्टॅग लेनचा असण्याची शक्यता मोठी.

22 फेब्रुवारी 1925 ला जेफ्रींनी स्वतः डीएच-60 मॉथ पहिल्यांदा उडवलं. किडे-फुलपाखरं गोळा करण्याचा त्यांना लहानपणापासून छंद, म्हणून दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगाचं नाव. पंख मागे दुमडायचे, अगदी पतंगासारखे, म्हणजे गॅरेजमध्ये ठेवता यायचं. त्याचं पहिलं इंजिनही काटकसरीतून आलं. युद्धातून उरलेल्या आठ सिलिंडरच्या रेनॉ इंजिनाचे भाग वापरून फ्रँक हॅलफर्ड यांनी चार सिलिंडरचं सिरस इंजिन तयार केलं. पुढे कंपनीचं स्वतःचं जिप्सी इंजिन आलं आणि विमान जिप्सी मॉथ झालं. ज्यांच्याकडे राजाचा खजिना नव्हता अशा लोकांना या विमानानं आकाश उघडलं. मे 1930 मध्ये एमी जॉन्सन एकट्या इंग्लंडमधल्या क्रॉयडनहून ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला गेल्या, त्या जिप्सी मॉथनंच. वाटेत त्यांना झाशीला परेड ग्राउंडवर उतरावं लागलं होतं. ते विमान, ‘जेसन’, आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये टांगलेलं आहे. त्याच वर्षी इंग्लंड-भारत अंतर एकट्यानं उडणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ठेवलेल्या आगा खान पारितोषिकासाठी अस्पी इंजिनियर आणि जेआरडी टाटा विरुद्ध दिशांनी निघाले होते, दोघेही जिप्सी मॉथवर. इजिप्तमध्ये अबूकीरला गाठ पडली तेव्हा जेआरडींनी आपले सुटे स्पार्क प्लग अस्पींना दिले. पारितोषिक अस्पींना मिळालं.

आता ओळखण्याचं काम. तुमच्या ट्रंकेत जिप्सी मॉथ आणि टायगर मॉथ दोन्ही असणार आणि कोणीतरी सगळ्यांनाच टायगर मॉथ म्हणून ठेवलेलं असणार. आधी नाक बघा. जिप्सी मॉथचं इंजिन उभं असतं, सिलिंडरची डोकी वर दिसतात. टायगर मॉथचं इंजिन उलटं टांगलेलं, त्यामुळे नाक वरून सपाट उतरत जातं आणि वैमानिकाला समोरचं दिसतं. मग पंख बघा. जिप्सी मॉथचे सरळ, टायगर मॉथचे मागे झुकलेले. ते का झुकले याचं कारण सुंदर आहे. सैनिकी शिकाऊ विमानात पुढच्या सीटवरच्या माणसाला पॅराशूट घालून पटकन बाहेर पडता आलं पाहिजे, आणि डोक्यावर पेट्रोलची टाकी असलेला वरचा पंख आडवा येत होता. म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. आता विमानाचा तोल बिघडला. तो परत आणायला पंखांची टोकं मागे झुकवली. टायगर मॉथ 26 ऑक्टोबर 1931 ला पहिल्यांदा उडालं आणि पुढे 8,000 हून जास्त बनली. आणखी एक खूण: शेपटीच्या आडव्या पंखाच्या लगेच पुढे, अंगाला चिकटून दोन लांबट पट्ट्या दिसल्या तर फोटो 1941 नंतरचा. गिरकीतून विमान बाहेर काढायला सोपं जावं म्हणून त्या बसवल्या गेल्या. आणि मागच्या सीटवर एकच माणूस बसलेला दिसला तर पुढचा कुठे पडला असं समजू नका. एकट्यानं उडायचं तर मागेच बसायचं असतं.

विमानाच्या अंगावरची नोंदणीची अक्षरं वाचता आली तर अर्धं काम झालं. ‘जी-ईबी’ असं काही असेल तर ब्रिटनमधली नोंद, 1928 च्या मध्यापर्यंतची. ‘जी-एए’ पुढची. भारतातली विमानं आधी ‘जी-आय’ लिहायची, 1929 पासून ‘व्हीटी’. ही नोंद केव्हाची हे सांगतात, फोटो केव्हाचा हे नाही. विमान जुनं आणि फोटो नवा असू शकतो, एवढं भान ठेवा.

रंगांबाबत मात्र फार जपून. त्या काळातल्या पुष्कळ फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक होत्या, म्हणजे लाल रंगाला आंधळ्या. त्यांत लाल जवळजवळ काळा येतो, पिवळाही गडद येतो आणि निळा फिका पडतो. ब्रिटिश हवाई दलाच्या गोल चिन्हात बाहेर निळा, मध्ये पांढरा, आत लाल. अशा फिल्मवर बाहेरची निळी कडी पार धुतल्यासारखी दिसते आणि मधला ठिपका काळा. लोक म्हणतात, ‘हे कुठल्या वेगळ्याच देशाचं विमान.’ पिवळं शिकाऊ विमान काळपट आलं की म्हणतात, ‘रात्रीच्या लढाईचं.’ तुमच्या आजोबांच्या नोकरीच्या दृष्टीनं एक खूण खास महत्त्वाची आहे. 1943 पासून भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या चिन्हातला लाल ठिपका काढून टाकला, कारण जपानी विमानांवर लाल सूर्य होता आणि आपल्याच तोफा चुकण्याची भीती होती. त्याऐवजी गडद निळ्यात फिका निळा किंवा पांढरा. फोटोत दोन छटांचंच लहानसं गोल चिन्ह दिसलं तर तो 1943 नंतरचा आणि आपल्याच बाजूचा.

1934 ची एक गोष्ट याच रंगांमुळे लक्षात राहील. त्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या मिल्डनहॉलपासून मेलबर्नपर्यंत शर्यत झाली. डी हॅविलँडनं खास तिच्यासाठी डीएच-88 कॉमेट हे दोन इंजिनांचं लाकडी विमान काढलं. शर्यतीत अशी तीन होती. एक काळं, एक हिरवं, एक लालभडक. लाल ‘ग्रॉव्हनर हाऊस’ सुमारे 71 तासांत पोहोचलं आणि जिंकलं. पण कृष्णधवल फोटोंत लाल आणि काळं विमान सारखंच दिसतं आणि मथळे हमखास चुकतात. अंगावरची अक्षरं बघूनच ठरवायचं. अलाहाबाद हा या शर्यतीतला सक्तीचा थांबा होता. काळ्या विमानातले मॉलिसन पती-पत्नी वाट चुकून जबलपूरला उतरले. तिथे योग्य इंधन नव्हतं, बसकंपनीचं पेट्रोल भरलं, इंजिन गेलं आणि अलाहाबादला त्यांची शर्यत संपली. अलाहाबादच्या धावपट्टीवरचा त्या काळातला एखादा फोटो ट्रंकेत असेल तर तो नीट जपा.

यानंतर जो फोटो बघायचा तो अल्बट्रॉसचा. 1937 चं चार इंजिनांचं प्रवासी विमान, आणि माझ्या मते कंपनीनं बनवलेलं सगळ्यात देखणं. विकली गेली अगदी थोडी. पण त्याच्या अंगाची रचना अशी: बाहेर प्लायवूडचा पातळ थर, आत प्लायवूडचा पातळ थर आणि मध्ये हलकं बाल्सा लाकूड, सगळं साच्यावर दाबून चिकटवलेलं. हातात घेतलं तर तुकडा पोकळ वाटावा इतका हलका, पण वाकवायला गेलं तर वाकत नाही. आतल्या फासळ्यांचं जंगल लागत नाही, बाहेरून एक खिळा दिसत नाही, म्हणून हवेला अडथळा नाही. कंपनीच्या महायुद्धातल्या मॉस्किटो या लाकडी युद्धविमानाचा पाया हाच.

मॉस्किटोचे कारखान्यातले फोटो म्हणजे माझ्यासाठी या सगळ्या इतिहासाचं मध्यस्थान, म्हणून इथे जरा थांबतो.

युद्धात ॲल्युमिनियम तुटपुंजं, धातूचं काम करणारे कारागीर आधीच गुंतलेले. डी हॅविलँडचं म्हणणं होतं की लाकडाचं वेगवान बॉम्बर बनवू, त्याला तोफाच नकोत, ते कोणाच्या हाती लागणार नाही. वरिष्ठांचा विश्वास बसेना. रॉनल्ड बिशप यांच्या चमूनं सॉल्सबरी हॉल या जुन्या वाड्यात गुपचूप आराखडा केला. पहिलं विमान, डब्ल्यू-4050, पिवळं रंगवलं होतं, म्हणजे आपल्याच तोफखान्यानं पाडू नये. 25 नोव्हेंबर 1940 ला हॅटफिल्डहून ते उडालं. चालवणारे जेफ्री यांचेच थोरले चिरंजीव, त्यांचंही नाव जेफ्री. त्याच्या सात आठवडे आधी, 3 ऑक्टोबरला, एका जर्मन विमानानं हॅटफिल्डच्या कारखान्यावर बॉम्ब टाकले होते. 21 माणसं गेली, 70 जखमी झाली आणि मॉस्किटोसाठी जमवलेला बराचसा माल जळाला. तरी विमान नोव्हेंबरात हवेत गेलं. तेच डब्ल्यू-4050 आज सॉल्सबरी हॉलच्याच आवारातल्या संग्रहालयात आहे.

आता तुमच्या त्या ‘विमान न दिसणाऱ्या’ फोटोंपैकी एखाद्यात शेंगेच्या टरफलासारखा लांबट, पोकळ अर्धा भाग आडवा पडलेला आहे का बघा. मॉस्किटोचं अंग उभं चिरल्यासारखं दोन अर्ध्यांत बनायचं, डावं आणि उजवं. साच्यावर बर्च प्लायवूडचा थर, त्यावर डिंक, बाल्सा, पुन्हा डिंक, पुन्हा प्लायवूड, आणि सगळ्यावर पोलादी पट्ट्या आवळायच्या. वाळल्यावर अर्धा भाग उतरवून त्यात वायरी, नळ्या, दोऱ्या उघड्यावरच बसवायच्या, आणि मग दोन टरफलं मिटायची. धातूच्या विमानात अशा कामासाठी माणसाला आत ओणवं घुसावं लागतं. इथे दोन बायका समोरासमोर उभ्या राहून ते करताहेत असे फोटो आहेत. फर्निचरच्या कारखान्यांनी, सुतारांनी, पूर्वी टेबल-खुर्च्या करणाऱ्या हातांनी ही विमानं बनवली. बाल्सा इक्वेडोरचं. डिंक सुरुवातीला केसिनचा, म्हणजे दुधातल्या प्रथिनाचा. वेगवेगळ्या देशांत मिळून 7,781 मॉस्किटो बनली.

त्या फोटोंत कामगारांच्या हातांजवळ बघा. क्लँप दिसतील, डिंकाचं भांडं आणि ब्रश दिसेल, बाहेर ओघळलेला डिंक दिसेल. ओघळ दिसणं चांगलं लक्षण असतं. जोडातून डिंक सगळीकडून सारखा बाहेर आला म्हणजे आत पोकळी राहिलेली नाही. मामांनी मला हेच शिकवलं होतं: ‘पुसायच्या आधी बघ.’

हे इतकं लांबवून का सांगतोय? कारण हाच जोड आपल्या देशात उघडा पडला. 1944 च्या उत्तरार्धात भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मॉस्किटो हवेतच मोडण्याच्या घटना घडल्या. ताफा जमिनीवर थांबवून तपासला. इंग्लंडहून कंपनीची माणसं आली, त्यांचे प्रमुख जेफ्रींचे धाकटे भाऊ मेजर हेरवर्ड डी हॅविलँड. पंख उघडून बघितले तेव्हा काही विमानांत पंखाचा दांडा आणि वरचं प्लायवूड यांच्यात फट होती, डिंक नीट धरलेलाच नव्हता. काही दोष कारखान्यातल्या कामाचा होता. त्यात इथली हवा: उघड्यावर उभं विमान, दिवसा भाजून निघणारं, रात्री दमट, पावसाळ्यात लाकूड फुगणार आणि नंतर आकसणार. आपल्या घरातली दारं श्रावणात बसत नाहीत आणि उन्हाळ्यात खडखडतात, तसंच. केसिनच्या जागी फॉर्माल्डिहाइडचा कृत्रिम डिंक आला, तो ओलाव्याला टिकणारा. ग्राउंड क्रूमधल्या माणसांना पंखांचे तुकडे कापून तपासावे लागले होते. तुमच्या आजोबांच्या फोटोंत पंखाला भोक पाडलेलं किंवा प्लायवूडचा थर उचललेला असा एखादा फोटो असेल, तर ‘नासका फोटो’ म्हणून बाजूला ठेवू नका. त्यासाठी मी तुमच्या गावी यायला तयार आहे.

युद्धानंतरचा भाग तुमच्या ट्रंकेत कमी असणार, म्हणून थोडक्यात. व्हँपायर हे जेट 1943 मध्येच उडालं होतं. इंजिन जेट, पण वैमानिक बसतो ते पुढचं अंग मॉस्किटोसारखंच प्लायवूड आणि बाल्साचं. फोटोत ओळखायला सोपं, शेपटीकडे दोन दांडे जातात. 1948 च्या अखेरीस भारतीय हवाई दलाची पहिली जेट म्हणून ती आली आणि पुढे बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्येही बनली. डव्ह आणि हेरॉन ही छोटी प्रवासी विमानं. इंडियन एअरलाइन्सकडे आठ हेरॉन होती.

कुटुंबाचे फोटो बघताना मन जड होतं. जेफ्रींचे धाकटे चिरंजीव जॉन 1943 मध्ये दोन मॉस्किटोंच्या टकरीत गेले. थोरले, ज्यांनी पहिलं मॉस्किटो उडवलं, ते 27 सप्टेंबर 1946 ला डीएच-108 हे बिनआडव्या शेपटीचं प्रायोगिक जेट वेगानं नेताना ते टेम्सच्या मुखावर हवेतच मोडलं, त्यात गेले. आई लुईझ, जिनं पहिल्या विमानाचे पंख शिवले, ती 1949 मध्ये वारली. त्याच वर्षी 27 जुलैला, जेफ्रींच्या 67 व्या वाढदिवशी, डीएच-106 कॉमेट उडालं, जगातलं पहिलं जेट प्रवासी विमान (शर्यतीतल्या डीएच-88 शी फक्त नाव सारखं). पहिल्या उड्डाणाचा तो चकचकीत धातूच्या अंगाचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. मला त्यात नेहमी पहिल्यांदा खिडक्या दिसतात.

कॉमेटनं 2 मे 1952 ला लंडन-जोहान्सबर्ग सेवा सुरू केली. बरोबर वर्षानं, 2 मे 1953 ला, कलकत्त्याच्या डमडमहून उडालेलं कॉमेट वादळात सापडून मोडलं, 43 जण गेले. 10 जानेवारी 1954 ला एल्बा बेटाजवळ, 8 एप्रिलला नेपल्सजवळ अशी आणखी दोन हवेतच फुटली. मग फार्नबरोला एक अख्खं कॉमेट मोठ्या हौदात ठेवलं, पंख बाहेर आणि अंग पाण्यात. आत पाणी भरून दाब द्यायचा, सोडायचा, पुन्हा द्यायचा, म्हणजे प्रत्येक वेळी एक उड्डाण झाल्यासारखं. पाणी अशासाठी की हवा भरून फुटलं असतं तर स्फोटात पुरावाच उडाला असता. खऱ्या उड्डाणांची आणि हौदातली बेरीज 3,057 झाली तेव्हा पत्रा फाटला, एका चौकटीच्या कोपऱ्यापासून. एल्बाजवळ पडलेल्या विमानाची फक्त 1,290 उड्डाणं झाली होती. त्याचा समुद्रातून काढलेला छपराचा तुकडा सायन्स म्युझियममध्ये आहे. त्यात फाट प्रवाशांच्या खिडकीपासून सुरू झालेली नाही, दिशादर्शक अँटेनासाठी छपरात ठेवलेल्या चौकटींपासून झाली आहे. ‘चौकोनी खिडक्यांमुळे कॉमेट पडली’ हे अर्धवट खरं आहे. कोपऱ्यावर ताण एकवटला हे खरं, पण रिव्हेटची भोकं कशी पाडली, पत्रा किती पातळ होता, हेही त्यात होतं. ही कंपनी चिकटवलेल्या लाकडात वाढली होती आणि धातूचा थकवा तेव्हा कोणालाच नीट कळलेला नव्हता. गोल खिडक्यांचं कॉमेट-4 ऑक्टोबर 1958 मध्ये अटलांटिकपार सेवेत गेलं, पण बाजार तोवर बोइंगकडे वळत होता. 1960 मध्ये हॉकर सिडलीनं कंपनी घेतली, 1963 मध्ये नावही गेलं. हॅटफिल्डचा कारखाना 1990 च्या दशकात बंद झाला. कॉमेटसाठी बांधलेला तिथला भव्य हँगर उभा आहे, आज त्यात हेल्थ क्लब आहे.

आता तुमच्या फोटोंची व्यवस्था. मागची बाजूही स्कॅन करा. शिक्का, नंबर, सेन्सॉरची खूण तिथेच असते. पेनानं काही लिहू नका. सेलोटेप नको, चिकट पानांचे अल्बम नकोत, डांबराच्या गोळ्या नकोत. प्रत्येक फोटो आम्लरहित कागदात वेगळा ठेवा, आणि पावसाळ्यात पेटी भिंतीला टेकवू नका. ज्या क्रमानं ट्रंकेत होते तो क्रम आधी लिहून ठेवा, मगच हलवा. शेजारशेजारचे फोटो बहुधा एकाच रोलमधले असतात, आणि एक ओळखला की दुसरा ओळखतो.

शेवटी तुम्ही वर्णन केलेला तो एक फोटो: ओल्या मैदानावर बंद केबिनचं, एकच वर पंख असलेलं छोटं विमान, मागे ‘पुस मॉथ, जुहू, 1932’ असं लिहिलेलं. तसं असेल तर मोठीच गोष्ट. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पुस मॉथनंच. पण त्याच ठेवणीचं लेपर्ड मॉथ 1933 मध्ये आलं आणि दोघांची गल्लत कायम होते. 1982 मध्ये जेआरडींनी तेच उड्डाण 78 व्या वर्षी पुन्हा केलं ते लेपर्ड मॉथवर, तरी त्या फोटोंखालीही ‘पुस मॉथ’ लिहिलेलं मी पाहिलंय. शिवाय पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, तेव्हा टाटांची विमानं पुण्याला येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावर न्यायचे. म्हणून मैदान ओलं दिसतंय तर मागे समुद्र आहे, माडाची झाडं आहेत की टेकडी, हे भिंगानं बघा. मग चाकाचा पाय बघा. धक्का झेलणारा दांडा वर पंखाच्या मुळापर्यंत गेला असेल तर पुस मॉथ. तो पुढे इंजिनामागच्या भिंतीपाशी संपत असेल आणि पंख टोकाकडे निमुळता होत असेल, तर लेपर्ड मॉथ, म्हणजे मागचं साल चूक. डाव्या चाकापासून पंखाच्या मुळापर्यंतचा तेवढाच भाग 1200 डीपीआयला स्कॅन करून पाठवा.